म्हाताऱ्यासारखं पडा

एका वाडग्यात अंडी. एकही फुटलेलं नाही.

केस काळे करायच्या रंगाची बाटली, आरशामागच्या फळीवर, बूच न उघडलेली.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ काठीने छत ठोकतात. वरून कोणीतरी ओरडतं, “झालं, झालं, हे शेवटचं!”

ताजं गाजर दोन्ही हातांत धरून मोडलं की म्हाताऱ्या गुडघ्याचा आवाज येतो. या एका चित्रपटासाठी आवाजवाल्याने टोपलीभर गाजरं आणून ठेवली आहेत.

टाइप केलेल्या पटकथेच्या कागदावर, प्रसंगाच्या खाली, कंसात: (इथे लोक हसतील.)

आणि गादीकाका पडले.

वरच्या पायरीवरून त्यांचा पाय सटकला, अंग हवेत अर्धं वळलं, हनुवटी आपोआप छातीला चिकटली, खांद्याने जमीन घेतली, पाठीने ती पुढे ढकलली, आणि शेवटच्या पायरीखाली ते असे स्थिरावले की जणू कोणी घडी घालून ठेवलं आहे. मग ते हलले नाहीत. कॅमेऱ्यामागे कोणी हसलंही नाही.

“कट,” मॅडम म्हणाल्या.

तो शब्द कानावर पडल्यावरच गादीकाकांनी श्वास सोडला, एका झटक्यात उठले आणि पँट झटकली.

मॅडम म्हणजे दिग्दर्शिका. गादीकाकांना मुलगी असती तर एवढीच असती. त्या खुर्चीवरून उठून जवळ आल्या, त्यांच्या खांद्यावरची धूळ स्वतःच्या हाताने झाडली.

“काका, सुंदर पडलात.”

“मग?”

“तीच तर अडचण आहे. सुंदर पडलात.”

“मग कसं पडू?”

मॅडमनी क्षणभर ओठ चावला. समोरच्या माणसाला वाईट वाटेल असं काही बोलायची त्यांना सवय नव्हती.

“म्हाताऱ्यासारखं पडा ना, काका.”

सगळं युनिट दुसरीकडे बघू लागलं. कारण गादीकाका साहेबांपेक्षाही वयाने मोठे होते, आणि साहेब म्हणजे चित्रपटाचे नायक, त्यांचेच केस या वेळी पहिल्यांदा पांढरे ठेवले होते. साहेबांचे केस काळे असत तोवर गादीकाकांचेही काळे असत. पाठमोरा साहेब म्हणून जे काही पडद्यावर उडालं, आपटलं, काचेतून आरपार गेलं, ते सगळं साहेबांचे डुप्लिकेट गादीकाका होते. तरुणपणी कुठल्याही उडीला खाली गादी घातलेली दिसली की ते म्हणायचे, “गादी काढा, गादी नको.” म्हणून नाव पडलं गादी. वय वाढलं तसं त्याला काका चिकटलं.

चित्रपट मजेदार होता. एरवी गादीकाकांना कथा-बिथा कळत नसे, कुठून पडायचं तेवढं कळे. पण या वेळी ते स्वतःचा शॉट नसतानाही कोपऱ्यात उभं राहून बघायचे आणि तोंडावर रुमाल धरून हसायचे. साहेबांनी केलेला नायक एकेकाळचा मोठा मारेकरी. आता निवृत्त. नातीला गुंडांनी उचलून नेलं म्हणून तो पुन्हा पिस्तूल काढतो, आणि नेम धरायच्या आधी चष्मा शोधतो. चष्मा कपाळावर. गुंडही समोर उभे राहून कपाळाकडे बोट दाखवतात. हाणामारी ऐन रंगात आली की त्याच्या खिशातला गजर वाजतो, गोळी घ्यायची वेळ. तो हात वर करतो, थांबा. सगळे थांबतात. बाटलीचं झाकण त्याला उघडत नाही, ते सर्वांत दांडगा गुंड उघडून देतो. आणि मग त्याच दांडग्याच्या कमरेत लाथ घालताना स्वतःचीच कंबर धरते, तेव्हा तो दांडगा पडल्या पडल्या विचारतो, “मलम कुठलं लावता?”

आणि शेवटी, एवढी पलटण लोळवल्यावर, नायक गुंडांच्याच स्वयंपाकघरात जाऊन स्वतःसाठी चहा करतो, घोट घेत बाहेर येतो आणि साध्या तीन पायऱ्यांवरून घसरून पडतो. त्याला उठता येत नाही. (इथे लोक हसतील.)

तेच येत नव्हतं. दुपारभर गादीकाका पडत राहिले. हळू पडून बघितलं. ते झोपायला चालल्यासारखं दिसलं. हातपाय फेकून बघितलं. ते विदूषकासारखं दिसलं. एकदा ठरवून हनुवटी सैल सोडली, तर वाटेत मानेने परस्पर निर्णय घेतला आणि ती छातीला चिकटली. उभं आयुष्य ज्या शरीराला शिस्त लावली, ते आता बेशिस्त व्हायला तयार नव्हतं.

फाइट मास्टरांनी त्यांना दिव्यांच्या मागे बाजूला घेतलं. मास्टर एकेकाळी त्यांच्याच हाताखाली पडायला शिकलेला. बोलताना तो स्वतःच्या शिट्टीच्या दोरीशी चाळा करत होता.

“काका, उद्या सकाळी एकदा बघू. नाहीच जमलं, तर नव्या पोराला पांढरा विग घालतो.”

“आणि मी?”

“तुम्ही बसा की खुर्चीवर. मॉनिटरशेजारी. तुमचा मान आहे तो.”

या धंद्यात खुर्ची म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. मानाने खुर्चीवर बसलेल्या माणसाला पुढच्या चित्रपटाला कोणी बोलावत नाही. त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि ‘होता’ म्हणून बोलतात.

“पोराच्या ओठावर अजून नीट मिशी नाही,” गादीकाका म्हणाले.

“त्याला म्हातारा करायला मेकअपवाला आहे, काका.”

“आणि मला?”

मास्टर हसला. मग त्याला कळलं की हा विनोद नव्हता.

घरी जाताना गादीकाका बसमधून एक थांबा आधीच उतरले. चौकातल्या दवाखान्यासमोर एक बाक होता, त्यावर बसले. दवाखान्यात वयस्क माणसांची ये-जा असते. ते बघत राहिले. कोणी काठी टेकवत होतं, कोणी सुनेचा दंड धरून होतं, कोणी प्रत्येक पायरीशी थांबून तिला मनातल्या मनात नमस्कार केल्यासारखं बघत होतं. पडत मात्र कोणी नव्हतं. एका आजोबांचा बूट फूटपाथच्या कडेला अडला. गादीकाका अर्धे उठले. धरायला की बघायला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. आजोबा सावरले. गादीकाका पुन्हा खाली बसले, हिरमुसले, आणि आपण हिरमुसलो हे लक्षात आल्यावर मान खाली घालून घराकडे चालू लागले.

घरात दिवसभराची बाई चप्पल घालून तयारच होती.

“काकूंनी आजही पाय खाली टेकवला नाही हो. डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, चाला. मी म्हणते चाला. आता तुम्ही म्हणून बघा.”

“बघतो.”

“रोज बघता,” बाई म्हणाली आणि गेली.

काकू खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. पलंगाशेजारी वॉकर उभा होता आणि त्यावर टॉवेल, एक परकर आणि गादीकाकांचे मोजे वाळत होते. दवाखान्यातून आणल्यापासून त्याचा तेवढाच उपयोग झाला होता.

“आज किती वेळा?” काकूंनी विचारलं. लग्न झाल्यापासून त्या हेच विचारायच्या. दुसऱ्यांच्या बायका विचारतात, जेवलात का.

“मोजलं नाही.”

“म्हणजे जमलं नाही.”

गादीकाकांनी शर्ट काढला, खांद्यावरचा नवा काळानिळा डाग आरशात बघितला आणि सगळं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या, मास्टर काय म्हणाला, पोराचा विग, खुर्ची. काकू ऐकता ऐकता आधी गंभीर होत्या, मग त्यांचे खांदे हलू लागले.

“हसतेस काय?”

“हसू नको तर काय करू? नवरा म्हातारा झाला आणि त्याला म्हातारपण जमेना. अहो, मी तक्रार करू तरी कुणाकडे?”

“तुला गंमत वाटते.”

“वाटते. मला असले सिनेमे आवडतात. तरुण हिरो पडला की मला बघवायचं नाही, वाटायचं हे तुम्हीच. आता हिरोच्या गुडघ्याचा आवाज आला की बरं वाटतं. म्हटलं, चला, हा पण आला आपल्यात.” त्या थांबल्या. “खुर्चीवर बसवतील हो तुम्हाला?”

“बसवतील.”

“मग दिवसभर घरी असाल.”

“हो.”

दिवसभर घरी असणं म्हणजे काय, ते काकू पलंगावरून रोज बघत होत्या: समोरची भिंत, वॉकरवरचे मोजे, उन्हाची पट्टी सरकत सरकत कपाटापर्यंत जाते आणि संपते. गादीकाकांनी वॉकरवरचा टॉवेल उगाचच सरळ केला.

“अगं…”

“काय?”

“तू कशी पडली होतीस?”

हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कुठे दुखतं ते डॉक्टरांनी विचारलं, केव्हा पडलात ते नर्सने विचारलं, काय गरज होती हे नातेवाइकांनी विचारलं. कशी, हे कोणी विचारलं नव्हतं. जन्मभर पडण्यावर पोट भरणाऱ्या माणसानेही नाही.

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

“धंद्याचं विचारताय की माझं?”

गादीकाकांच्या तोंडावर सोपं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“धंद्याचं.”

“बरं झालं खोटं नाही बोललात,” काकू म्हणाल्या आणि पाठीमागची उशी वर सरकवली. “मग सांगते. पडायला म्हणून कोणी पडत नाही. तुमचं सगळं तिथेच चुकतं. तुम्ही पहिल्या पायरीपासूनच पडणारा माणूस असता. मी पडणार नव्हते. मी अंडी ठेवायला चालले होते.”

“बरं.”

“हातात वाडगा होता. फरशी ओली होती. पाय गेला तेव्हा मला कळलंच नाही की पाय गेला. मला वाटलं मी चालतेच आहे. सगळं लक्ष वाडग्यात. तुम्ही हात टेकवता. माझा हात मोकळा कुठे होता? असता तरी टेकवला नसता. अंडी सांडली असती.”

“एकही फुटलं नव्हतं,” गादीकाका म्हणाले.

“नव्हतं ना?” काकूंच्या आवाजात अभिमान होता. “मोडलं ते माझंच.”

(इथे लोक हसतील.)

गादीकाका उठले, स्वयंपाकघरात गेले आणि एक रिकामा वाडगा घेऊन आले. दारात उभे राहिले. पलंगाच्या पायथ्याशी मोकळी जागा होती, कशीबशी एका माणसाच्या लांबीची. ते चालत आले, पाय सोडला, पडले. हनुवटी छातीला.

“छे.”

पुन्हा.

“रिकाम्या वाडग्याला कोण सांभाळणार? अंडी घाला.”

“खरी?”

“खोटी अंडी आहेत का आपल्याकडे?”

पहिल्या खेपेला फरशीवर पिवळंजर्द झालं. गादीकाका गुडघ्यांवर बसून फडक्याने पुसू लागले तेव्हा काकूंना हसू आवरेना. “असं नाही हो! खांदा कशाला पुढे काढता? खांद्याला काय माहीत तुम्ही पडणार आहात ते?” खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी काठीने छत ठोकलं. “झालं, झालं, हे शेवटचं!” काकू पलंगावरून ओरडल्या. ते शेवटचं नव्हतं. पुढच्या खेपेला दोन वाचली. त्याच्या पुढच्या खेपेला वाडगाच निसटला आणि पलंगाखाली गेला. काठी पुन्हा वाजली. कितीतरी महिन्यांनी त्या घरातून एवढा आवाज खाली जात होता. काकू पुढे झुकल्या होत्या, त्यांचे हात हवेत वाडगा धरून होते, आणि पांघरुणाखालचा त्यांचा चांगला पाय पलंगाच्या काठापर्यंत आला होता.

“वाडग्याकडे बघा. मी सांगेपर्यंत दुसरीकडे बघू नका. ही अंडी माझी आहेत. नीट आणा.”

गादीकाका दारातून निघाले. वाडग्याकडे बघत. एका अंड्याला तपकिरी शाई लागल्यासारखा बारीकसा ठिपका होता. ते त्या ठिपक्याकडे बघत राहिले. पाय गेला. खरंच, तो गेल्याचं त्यांना थोडं उशिराच कळलं. कंबर आधी आदळली, मग कोपर, मग डोकं, आणि हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी होत असल्यासारखं त्यांचे दोन्ही हात वाडगा वर धरून राहिले. मग हात हळूहळू खाली आले. वाडगा छातीवर टेकला. आत अंडी एकमेकांना लागून थांबली.

ते पडून राहिले. बरोबर झालं होतं. त्यांना कळलं होतं. ते वाट बघत राहिले.

नवीन लग्न झालं तेव्हा त्यांच्याकडे एकच खोली होती आणि एकच गादी. ते त्या गादीवर पडण्याचा सराव करायचे आणि काकू हातात आमटीचा डाव घेऊन कॅमेरा व्हायच्या. पडल्यावर हलायचं नाही, आवाज करायचा नाही, कट ऐकू येईपर्यंत मेल्यासारखं पडून राहायचं. हलला तर शॉट गेला. काकू मुद्दाम कट म्हणायच्या नाहीत. चहा टाकायच्या, केस विंचरायच्या, त्यांच्या अंगावरून ओलांडून जायच्या. ते पापणीही हलवायचे नाहीत. मग कधीतरी त्या त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणायच्या, कट.

आता त्या कट म्हणत नव्हत्या.

गादीकाका छताकडे बघत होते. एका कोपऱ्यात रंगाचा पापुद्रा सुटला होता. इथून तो दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं.

“अगं, म्हण की.”

गादीकाकांनी मान वळवली. त्या मागे उशीला टेकल्या होत्या. हात मांडीवर होते. पाय पुन्हा पांघरुणाच्या मधोमध गेला होता.

“असंच होतं,” त्या म्हणाल्या. “अगदी असंच. वाडगा असाच होता.”

“किती वेळ?”

“तुम्ही सकाळचा डबा घेऊन निघालात, त्यानंतर लगेच. आणि तुम्ही आलात तेव्हा दिवे लागले होते. आधी वाडगा घेतलात माझ्या हातून, ओट्यावर ठेवलात, मग मला हात लावलात. बरं केलंत. हात भरून आला होता.”

“मग हाक का नाही मारलीस कुणाला?”

काकूंनी पांघरुणाची कड बोटांत घेतली आणि तिची बारीक बारीक घडी घालू लागल्या.

“हसाल.”

“नाही.”

“पडल्या पडल्या डोक्यात तेच आलं बघा. हलायचं नाही. आवाज करायचा नाही. इतकी वर्षं ऐकलंय ना. मला वाटलं, असंच असतं पडल्यावर.” घडी सुटली, त्यांनी ती पुन्हा घातली. “नंतर कळलं, अहो, आपला कुठला शॉट आहे. पण तोवर इतका वेळ गप्प पडले होते, की मग एकदम ओरडायची लाज वाटायला लागली. आणि घरात कट म्हणणारं होतं कोण?”

गादीकाका जमिनीवरच होते. छातीवरचा वाडगा त्यांच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता.

“उठा आता,” काकू म्हणाल्या. “फरशी गार असते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सेटवर नवा पोरगा विग घालून तयार बसला होता. पांढऱ्या केसांखाली त्याचा गुळगुळीत चेहरा पाहून मेकअपवाला कपाळावर रेषा काढत होता. त्याच्याशेजारी, मॉनिटरपाशी, एक खुर्ची ठेवली होती. रिकामी. कोणीतरी तिच्यावर उशीसुद्धा घातली होती.

गादीकाका तिच्याकडे न बघता सामानवाल्याकडे गेले.

“त्या चहाच्या कपाचं काय?”

“कप आधी काढून घेतो की. पडताना तुमचा हात मोकळा हवा ना.”

“नको. हातात दे. भरून दे. खरा चहा, काठोकाठ.”

मॅडमनी ऐकलं. काही विचारलं नाही. फक्त कॅमेरामनला हात करून कपाच्या आणखी जवळ यायला सांगितलं.

गादीकाका दारातून बाहेर आले. कपाकडे बघत. चहावर एक पातळ साय धरू लागली होती, ती काठाला चिकटली होती, ते त्या जागेकडे बघत चालले. पायऱ्या आल्या ते त्यांना माहीत नव्हतं. पाय गेला. कंबर आदळली, कोपर आदळलं, डोकं. दोन्ही हात वर. कप वर. मग हात सावकाश खाली आले आणि कप छातीवर टेकला. चहा हिंदकळला, काठापर्यंत गेला, परत आला.

सेटवर चिडीचूप झालं. माणसं हसू दाबून धरतात तेव्हाची शांतता. कोणाच्या तरी नाकातून फुसकन आवाज निघाला आणि त्याने स्वतःचंच तोंड दाबलं.

मॅडमनी कट म्हटलं नाही. त्यांना पुढे बघायचं होतं.

गादीकाका पडून होते. वर लोखंडी सांगाडा, त्यावर दिवे, त्याच्याही वर पत्रा, आणि पत्र्याला एक लहानसं भोक, त्यातून बाहेरचा उजेड. कंबर दुखत होती, नेहमीसारखी नाही. हलायचं नाही. आवाज करायचा नाही. डुप्लिकेटला तसाही आवाज नसतो. पडद्यावर तो कण्हतो ते साहेबांच्या गळ्यातून. इतक्या चित्रपटांत गादीकाकांनी कॅमेऱ्यापुढे एक शब्द काढला नव्हता. भोकातला उजेड थोडा सरकल्यासारखा वाटला. गरम कप छातीवर होता. हात भरून येऊ लागला.

“अहो,” गादीकाका म्हणाले.

आवाज बारीक आला. त्यांनी घसा साफ केला आणि जोरात हाक मारली.

“अहो, कोणी आहे का? मी पडलेय!”

सगळा सेट फुटला. दिवेवाले हसले, गुंड हसले, मेकअपवाल्याच्या हातातली पेन्सिल पोराच्या कपाळावरून थेट नाकापर्यंत गेली. मास्टर शिट्टी तोंडात धरून हसत होता आणि शिट्टी बारीक बारीक वाजत होती. मॅडमना कट म्हणायला श्वास पुरेना. त्यांनी नुसता हात हलवला.

“काका! पडलेय! हे कुठून सुचलं तुम्हाला?”

“पडलोय म्हणायचं होतं,” गादीकाका म्हणाले.

“नाही, नाही, पडलेयच ठेवायचं! सगळी मजा तिथेच आहे. आयुष्यभर मारामाऱ्या केलेला बाप्या आणि पडल्यावर एकदम… ओके आहे, ओके! साहेब, डबिंगला हेच वाक्य घ्यायचं.”

साहेब आपल्या जागेवरून उठून आले होते. ते गादीकाकांच्या शेजारी जमिनीवर टेकले. टेकताना त्यांचे गुडघे वाजले आणि पुन्हा हशा झाला, कारण या वेळी गाजर कोणी मोडलं नव्हतं. हसणाऱ्यांकडे पाठ करून त्यांनी हळूच विचारलं,

“गाद्या, खरंच लागलंय का रे?”

“नाही, साहेब.”

“मग उठत का नाहीस?”

“उठतो,” गादीकाका म्हणाले. “आधी हा कप घ्या जरा.”

साहेबांनी दोन्ही हातांनी कप घेतला.

त्या दिवशी खुर्ची सामानवाल्याने उचलून दुसरीकडे नेली. मास्टरने पुढच्या महिन्यातल्या कामाचं विचारलं: एक म्हातारा, बर्फावरून घसरणारा. गादीकाका हो म्हणाले.

घरी पोचले तेव्हा बाई गेली होती. वॉकरवर कपडे होते. काकूंनी त्यांच्या चालण्याकडे बघितलं, कमरेला लावलेल्या हाताकडे बघितलं.

“किती वेळा?”

“एकदाच.”

“मग जमलं.”

“जमलं.”

“हसले का?”

“हसले.”

“खूप?”

“खूप. एकाला तर उभं राहवेना.”

काकूंनी समाधानाने मान हलवली. गादीकाकांनी पलंगाच्या कडेवर बसून बुटाची नाडी सोडली. दुसऱ्या बुटाची सोडेपर्यंत बराच वेळ गेला. त्यांना खाली वाकवत नव्हतं. आपण काय बोललो, ते त्यांनी सांगितलं नाही.

“सिनेमा लागला की बघायचं बाई मला,” काकू म्हणाल्या. “माझं पडणं एवढ्या मोठ्या पडद्यावर.”

“त्यासाठी चालावं लागेल. थेटरात जिने असतात.”

“टीव्हीवर येईल की कधीतरी,” काकू म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड केलं.

काकू पडल्या तो रविवार होता. मजल्यावरची सगळी माणसं घरीच होती.